रिपोर्ट नॉर्मल आला तरी

'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हे इंग्रजी शब्द आता आपल्याही बोलण्यात आलेत. तपासण्यांत काही निघालं नाही, की माणूस हे आनंदाने सांगतो. आनंद रास्तच आहे. फक्त हा दाखला मुळात किती बोलतो, ते समजून घ्या.

हे 'बिल' पैशांचं नव्हे. जहाज बंदर सोडताना तिथले अधिकारी एक दाखला देत. बंदरात साथ नसेल तर तो 'क्लीन', असेल तर 'फाउल'. फाउल दाखल्याचं जहाज पुढच्या बंदरात क्वारंटाइनमध्ये जाई. दाखला होता निघण्याच्या दिवसाचा. वाटेत काय घडेल, याची हमी त्यात नव्हती.

१७२० साली तेव्हाच्या सीरियाच्या किनाऱ्यावरून रेशीम आणि कापूस घेऊन 'ग्राँ-सँ-अंतुआन' हे जहाज फ्रान्समधल्या मार्सेयला आलं. निघताना त्याला क्लीन दाखला मिळाला होता. वाटेत खलाशी दगावले, जहाजावरचा सर्जनही गेला. हे मृत्यू बंदरात ठाऊक होते. तरीही व्यापाऱ्यांना माल जत्रेसाठी हवा होता, म्हणून क्वारंटाइनचे नियम सैल झाले. खलाशी ज्याने दगावले, तो प्लेग होता. शहरातली जवळजवळ निम्मी माणसं त्यात गेली.

आपल्या हातातला रिपोर्टही त्या दिवसापुरता आणि केलेल्या तपासण्यांपुरताच असतो. पडल्या पडल्या काढलेला ईसीजी नॉर्मल असूनही हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. नेहमीच्या रक्ततपासणीत स्तनातली गाठ दिसत नाही. म्हणून चालताना छातीत दडपण येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, नवी गाठ हाताला लागत असेल, शौचावाटे रक्त जात असेल किंवा विनाकारण वजन उतरत असेल, तर 'परवाच सगळं चेक केलंय' म्हणून थांबू नका. घरातल्या बायका तर दुखणं अंगावर काढतात आणि जुना नॉर्मल रिपोर्ट त्यांना आणखी एक सबब पुरवतो. त्यांना तुम्हीच सोबत घेऊन जा.

मात्र धास्तीने दर महिन्याला तपासण्यांची पॅकेजं घेत सुटायचीही गरज नाही. कोणती तपासणी कधी करायची, हे ओळखीच्या डॉक्टरांना ठरवू द्या. जुनी फाइल घेऊन जाच, पण डॉक्टरांपुढे ती उघडण्याआधी काय होतंय, केव्हापासून होतंय, ते तोंडाने सांगा. छातीतलं दडपण बसूनही जात नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ ला फोन करा.