शब्दांचीं कुळें : ‘लागणें’

कर्जतेहून रेल्वेनें निघा कीं खालापुराहून मोटारीनें, पुण्याच्या वाटेवर घाट लागतो, आणि घाटांत कित्येकांना गाडी लागते. कर्जतच्या फलाटावर मात्र ‘गाडी लागली’ म्हटल्यास कोणी लिंबू शोधीत नाहीं. जो तो जागा धरण्यास धांवतो. भूक लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नातेंही लागतें. एका क्रियापदास एवढे अर्थ आले कोठून?

धातुपाठांत ‘लग्’ धातूचा अर्थ ‘संग’ असा दिला आहे. त्याचें ‘लग्न’ हें रूप पाणिनीनें ‘सक्त’, म्हणजे चिकटलेला, या अर्थीं सिद्ध केलें. प्राकृतांत ‘ग्न’मधील न लोपून ग दुणावतो : लग्न, लग्ग, आणि त्यावरून बहुधा आपलें लागणें. अग्नि, अग्गि, आग ही वाटही तीच. ‘आग लागली’ म्हणतांना दोन्ही शब्द एकाच वाटेचे प्रवासी असतात.

चिकटण्याचा अर्थ धरला म्हणजे पुष्कळ उलगडतें. ठेंच पायाला लागते, नोकरी माणसाला. ‘मला जावें लागतें’ येथें जाण्याचें काम आपणांस चिकटतें, म्हणून ‘मी’चा ‘मला’ होतो. ‘जायला हवें’ यांत इच्छेस थोडा वाव असतो. ‘जावें लागतें’ यांत सुटका नाहीं. उलट ‘मूल रडूं लागलें’ यांत मूलच रडण्यास चिकटतें!

विवाहवाचक ‘लग्न’ यांतलेंच. क्षितिजास लागलेली रास तें ज्योतिषांतील लग्न. त्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून विवाह. ‘लग्न लागलें’ यांत एकच धातु दोन वेषांत दोनदां येतो.

आमची तक्रार पुढेंच आहे. कामास येणाऱ्या बाईनें ‘लगीन’ म्हटलें कीं सुशिक्षित घरांतील मुलें हंसतात, आणि वडील माणसें त्यांना अडवीत नाहींत. वस्तुतः जोडाक्षर सोडवून मध्यें स्वर घालणें ही मराठी जिभेची जुनी रीत. १८५६ सालीं रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८६३ सालीं बोरघाट चढली. तिला लोकांनीं ‘आगीनगाडी’ म्हटलें तें ‘अग्नि’चें जोडाक्षर असेंच सोडवून. त्या शब्दास हंसलेलें कोणी आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय संस्कृतापासूनचें अंतरच मोजावयाचें, तर ‘लगीन’मध्यें मूळचे ग आणि न दोन्ही शाबूत आहेत, ‘लागणें’च्या अंगांतून तो न केव्हांच गळाला. ज्यांना ‘लगीन’ अशुद्ध वाटतें, त्यांना आधीं ‘लागणें’ टाकावें लागेल. आणि हें ‘लागेल’ तरी त्यांनीं मग कोणत्या तोंडानें म्हणावें?