अवेळी आलेला पान्हा



लग्न न झालेल्या मुलीच्या कपड्यावर दुधाचा डाग दिसला की घरात पहिला प्रश्न उठतो तो तिच्या वागण्याचा. विधवा बाईला पान्हा आला तर वस्तीत कुजबुज सुरू होते. कुणी भगताकडे नेते, कुणी अंगारा लावते. ती बिचारी लाजेने तोंड उघडत नाही आणि दुखणे अंगावर काढते. म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने बोलू या.

दिवस गेलेले नसताना, मूल अंगावर पीत नसतानाही स्तनातून दूध येऊ शकते. याचा चारित्र्याशी संबंध नाही, करणीशी तर मुळीच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती प्रोलॅक्टिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्याने दूध तयार होते. एरवी मेंदू या द्रव्याला लगाम घालतो. हा लगाम सैल झाला की अवेळी पान्हा येतो. क्वचित पुरुषांनाही हा त्रास होतो.

याची कारणे अनेक आहेत. पहिले म्हणजे औषधे. पित्त, मळमळ, उलटी यांवर दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते. त्याने प्रोलॅक्टिन वाढते. मनाच्या आजारावरील रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. मात्र अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरे कारण थायरॉईड कमी असणे. थकवा, वाढते वजन, थंडी सहन न होणे ही त्याची लक्षणे. तिसरे, पीयूषिका ग्रंथीवरची गाठ. पाळी थांबते, डोके दुखते, कधी बाजूचे दिसेनासे होते. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते. बहुतेकींना कॅबरगोलीनसारख्या गोळ्यांनी गुण येतो, ऑपरेशन करावे लागत नाही. मूल होत नाही म्हणून जिला टोमणे ऐकावे लागतात, तिच्या मुळाशीही कधी हेच वाढलेले प्रोलॅक्टिन असते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही दूध येते. मूल तोडल्यावर काही महिने थेंब येत राहतात. दूध येते का, हे सारखे दाबून पाहिल्यानेही ते थांबत नाही.

नवजात बाळाच्या, मुलगा असो वा मुलगी, छातीतूनही कधी दूध येते. ते आपोआप जाते. दाबून काढू नका, त्याने पू होतो.

मग करायचे काय? सरकारी दवाखान्यात जा. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. डॉक्टर आधी गर्भ तपासतील, त्याचा राग मानू नका; तो तपासाचा नियमच आहे. मग थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्त तपासतील. एकाच स्तनातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, गाठ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. मग आपल्या लेकी-सुनांच्या बाबतीत आपण कारण शोधण्याआधी दोष का शोधावा? आज घरी गेल्यावर तिला जवळ बसवा आणि विचारा, "बाई, तुला काही त्रास आहे का?"