हँग नक्की कोण झालंय?

‘ओझरला चाललेय’ म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, ‘अष्टविनायकाला का?’ नाही हो! विघ्नहराचं ओझर तिकडे जुन्नर तालुक्यात. माझं ओझर नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा हायवेवरचं. ओझर मिग! १९६४ साली मिग विमानांसाठी इथे एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि विमानाचं नाव गावाला चिकटलं ते चिकटलंच. माझे मामा तिथेच ओव्हरहॉलमध्ये होते, आता रिटायर्ड. विघ्न मात्र या वेळी खरोखरच आलं होतं... मामेबहिणीच्या लॅपटॉपवर.

बहीणबाई जावा डेव्हलपर. पुण्यातली कंपनी, पण काम ओझरच्या घरून, स्वतःच्या लॅपटॉपवर. लिनक्स, त्यावर एक्लिप्स, असा सगळा फुकट आणि मस्त कारभार. प्रॉब्लेम एकच. फाइल सेव्ह केली की स्क्रीन करडी पडायची आणि प्रश्न यायचा, ‘थांबायचं की बंद करायचं?’ बाई दिवसातून पन्नासदा थांबत होत्या!

हसू नका. तिचं प्रोबेशन संपायला दोन आठवडे राहिले होते आणि शुक्रवारी रिलीज होतं. तिच्या बॉसने फोनवर सांगितलं होतं, ‘काम चांगलं आहे, पण स्पीड कमी पडतोय.’ रात्री गच्चीवर ती मला म्हणाली, ‘ताई, मीच स्लो आहे गं बहुतेक.’ तोवर नवा लॅपटॉप ऑनलाइन बघूनही झाला होता. बारा महिन्यांचा ईएमआय. नोकरी टिकेल की नाही माहीत नाही, आणि हप्ते मात्र फिक्स!

सकाळी चहाच्या वेळी मामांनी विचारलं, ‘काय काय करून बघितलंस?’ मॅडमनी यादीच दिली. एक्लिप्स दोनदा नव्याने टाकलं. प्लगइन उडवले. मग एका मित्राने सल्ला दिला, मेमरी वाढव. जावाचा प्रोग्राम जास्तीत जास्त किती मेमरी वापरू शकतो, ते एक्सएमएक्स नावाच्या सेटिंगने ठरतं. तिने आधी एक जीबी केली. फरक शून्य. कारण ती ओळ एक्लिप्सच्या आयएनआय फाइलमध्ये ‘व्हीएमआर्ग्ज’ या शब्दाच्या वर लिहिली होती. ती खाली असेल तरच जावा तिची दखल घेतं. चूक कळल्यावर तिने ओळ खाली नेली आणि रागाच्या भरात आकडा टाकला थेट सहा जीबी. लॅपटॉपची एकूण मेमरी आठ!

मामांना जावातलं ओ की ठो कळत नाही. पण ते म्हणाले, ‘अगं, विमान हँगरमध्ये आलं की आम्ही आधी त्याचं लॉगबुक वाचायचो. पाना नंतर. तुझ्या या डब्याला लॉगबुक नाही का?’

आहे ना! लिनक्समध्ये तर ढिगाने आहे. ‘फ्री’ ही कमांड मारली. मेमरी संपलेली आणि स्वॅप तुडुंब. स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली, की सामान डिस्कवर नेऊन ठेवायची जागा. माळाच म्हणा. मग ‘टॉप’. त्यात दिसलं, की प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. ‘जेपीएस’ने चालू असलेल्या सगळ्या जावा प्रक्रिया दाखवल्या, त्यात आदल्या दिवशीचा एक टॉमकॅट सर्व्हर. बंद करायचा राहिलेला. बिचारा रात्रभर जागा होता.

आता खरी गंमत ऐका. जावा आपला कचरा स्वतःच गोळा करतं. त्यासाठी त्याला अधूनमधून काम थांबवून, कुठली वस्तू अजून वापरात आहे ते बघत मेमरीभर हिंडावं लागतं. सगळं खऱ्या मेमरीत असेल तर ते पटकन होतं. पण अर्धं सामान माळ्यावर असेल तर? प्रत्येक डबा खाली उतरवायचा, उघडायचा, परत ठेवायचा. तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नाही, साधी हार्ड डिस्क. तेवढा वेळ एक्लिप्स ठप्प! म्हणजे जो उपाय म्हणून केला, तोच आजार झाला होता.

तिने आकडा दोन जीबीवर आणला आणि ‘जेस्टॅट’ लावून अर्धा तास काम केलं. त्यात ‘ओ’ नावाचा एक रकाना असतो, जुन्या, टिकून राहिलेल्या वस्तूंनी किती टक्के जागा अडवली ते सांगणारा. पूर्ण साफसफाईनंतरही तो शंभरच्या आसपास अडकला, तर मेमरी खरंच कमी आहे, वाढवा. तिचा निम्म्यावर उतरत होता. म्हणजे दोन जीबी पुरे. स्वॅपही हळूहळू रिकामा झाला. फाइल सेव्ह केली... आणि झाली की सेव्ह!

रिलीज शुक्रवारी वेळेत गेलं. प्रोबेशनचं पत्र अजून यायचंय, त्यामुळे पेढे पेंडिंग. ईएमआय मात्र कॅन्सल. पण मला लक्षात राहिला तो तिचा चेहरा. तीन महिने ही मुलगी स्वतःला स्लो समजत होती आणि त्या भरात रात्री जागून आणखी तास घालत होती. मशीनमध्ये मेमरी ओतली, तशीच स्वतःमध्येही. अडकलंय कुठे, ते बघायला मात्र दहा मिनिटं काढली नव्हती.

आपण तरी दुसरं काय करतो? काम तुंबलं की तास वाढवतो, कॉफी वाढवतो, नवं अ‍ॅप टाकतो. लॉगबुक कोण वाचतंय?

निघताना मामांना म्हटलं, ‘मामा, तुम्ही तर आयटीत जायला हवं होतं.’ त्यांनी गॉगल चढवला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे हँग व्हायची सोयच नव्हती गं. वर पायलट असायचा!’

मुंबईला परतल्यावर मी माझा लॅपटॉप उघडला. ब्राउझरमध्ये बेचाळीस टॅब. आधी ते बंद केले, मग हा कॉलम लिहायला बसले.