नकार द्यावा, पण वेळेत

केळव्याचे घरमालक पाहुण्यांना उगाच नाकारतात, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा आरोप एकांगी वाटला. चौघांच्या खोलीसाठी ‘आम्ही पंधरा जण, डीजे चालेल ना?’ अशी विचारणा आली, तर शेजाऱ्यांची झोप मोडायची का? एअरबीएनबीवर आलेल्या विनंतीला २४ तासांत नकार कळवला, तर दंड होत नाही. गप्प बसल्यास मात्र प्रतिसादाचा दर घसरतो. स्वीकारलेले आरक्षण विनाकारण मोडल्यास दंडही बसतो. म्हणून माणसांची संख्या, आवाज, दारू यांबाबतचे नियम जाहिरातीतच स्पष्ट लिहावेत आणि थेट आरक्षणाची सोय बंद ठेवावी. अर्थात जात-धर्म पाहून दार लावणाऱ्यांची तरफदारी कोणीही करू नये.

– एक घरमालक, वैतरणा