बस्ती, जलबस्ती आणि आंत्रक्षालन: नामसाम्याने फसू नये

स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. नौलीच्या वेळी बृहदंत्रात ऋणदाब निर्माण होतो, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखविले व जलबस्तीत पाणी आत कसे ओढले जाते याचा उलगडा झाला. परंतु ही क्रिया उदराच्या स्नायूंवर ताबा असणाऱ्या साधकाची आहे. आपला निरूह म्हणजे मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ यांचा वैद्याने दिलेला योग.

मेरुरज्जूच्या आघाताने मलप्रवृत्तीवरील ताबा गेलेल्या रुग्णाचे कोमट पाण्याने नित्य आंत्रक्षालन हे तिसरेच कर्म होय. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील 87 रुग्णांच्या अभ्यासात त्याने मलावरोध व अनैच्छिक मलप्रवृत्ती दोन्ही घटल्याचे आढळले. द्रुतगती मार्ग मावळातून जातो. अपघातातून वाचलेले असे रुग्ण आपल्याकडेही येणार. त्यांना केवळ रेचके देत राहणे म्हणजे कपडे खराब होण्याच्या भीतीने घरात कोंडणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि आंत्रावरोध, आंत्राचा तीव्र शोथ वा नुकतीच झालेली आंत्राची शस्त्रक्रिया असता हे कर्म सर्वथा वर्ज्य. इजा वक्षभागाच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्याहून वर असल्यास गुदाच्या उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. म्हणून प्रारंभ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा. औषधविक्रेत्या बंधूंनीही ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली एनिमाची साधने सरसकट विकू नयेत, आधी रुग्णाची विचारपूस करावी.