मंडळी वाढते की शिष्य घडतात?

भाताची लावणी, वीटभट्टीची उचल आणि फार्महाऊसला गेलेल्या जमिनी हे आपल्या कर्जत-खालापूरकडचे चर्चेचे नेहमीचे विषय. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. काही कातकरी आणि ठाकर वाड्यांवर रविवारी प्रार्थनेसाठी लोक जमू लागले आहेत. कुणाच्या पडवीत, कुठे ताडपत्रीच्या मांडवात वीस-पंचवीस माणसे बसतात, ढोलकीवर गाणी म्हणतात, कोणीतरी शुभवर्तमान वाचून समजावून सांगतो. यालाच ख्रिस्ती माणसे ‘मंडळी’ म्हणतात.

यावर गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, “तांदूळ वाटून बाटवायला आलेत.” दुसरा, म्हणजे प्रार्थना चालवणारा, अभिमानाने सांगतो, “यंदा आमच्याकडे इतके बाप्तिस्मे झाले.” दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण दोघांचा हिशेब मात्र एकच, डोकी मोजण्याचा. हा हिशेबच मुळात चुकीचा आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

मी स्वतः ख्रिस्ती घरातला. आमचे घर मूळचे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायचे). नोकरी शेती विस्ताराची, त्यामुळे खांडसच्या डोंगरपट्ट्यापासून चौक-वावोशीपर्यंत वाड्यांवर जाणे-येणे होते. ड्यूटीवर असताना धर्माचा शब्द काढायचा नाही हे पथ्य मी पाळतो. हातात बियाण्याची यादी आणि तोंडात प्रार्थना असे झाले की गरिबाला वाटते, प्रार्थनेला गेलो तरच नाव यादीत लागेल. म्हणून जे बोलायचे ते वाडीवर न बोलता इथे लिहितो आहे.

लक्ष्यांक आणि उगवण

विस्ताराच्या कामात लक्ष्यांक नावाचे एक भूत असते. अमुक इतकी प्रात्यक्षिके, अमुक इतकी मिनीकिट वाटली, अमुक शेतकरी मेळाव्याला हजर. मार्चअखेर तक्ता भरला की काम झाले. पण मिनीकिट नेलेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या खरिपात तेच बी स्वतःच्या कणगीतून काढून पेरले, हे तक्त्यात येत नाही. खरे काम तर तेच असते.

भात हे स्वपरागसिंचित पीक. एकदा चांगला सरळ वाण मिळाला की शेतकरी घरचे बी राखतो आणि शेजारी पायलीभर मागून नेतो. कर्जतच्या संशोधन केंद्राचा कर्जत-३ सारखा हळवा वाण शेतकऱ्याला पटतो तो भाषणाने नाही, शेजारच्या खाचरात लोंबी दिसते म्हणून. नेरळच्या सगुणा बागेतील चंद्रशेखर भडसावळे यांच्या भात लागवडीचेही तसेच. चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर टोकण. नुसते कागदावर वाचून हे कुणाला पटेल? बांधावर उभे राहून बघावे लागते.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ‘प्रशिक्षण व भेट’ योजना चालली. तिची कल्पना चांगली होती. ठराविक दिवशी कर्मचाऱ्याने ‘संपर्क शेतकऱ्या’ला भेटायचे, त्याला शिकवायचे, त्याने इतरांना शिकवायचे. पण पुष्कळ ठिकाणी संपर्क शेतकरी म्हणून गावातला बागायतदारच निवडला गेला. त्याच्या शेतावर जीप थांबायची, चहा व्हायचा, आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरी करणाऱ्यापर्यंत काही पोचायचे नाही.

येशूने शिष्य निवडले ते मात्र वेगळ्या पद्धतीने. कोळी घेतले, जकात घेणारा घेतला. त्यांना बरोबर घेऊन हिंडला, त्यांच्यात जेवला, त्यांची भांडणे सोडवली. मेळावा घेऊन निघून गेला नाही. शेवटी त्यांना जी आज्ञा दिली तीही शिष्य करण्याची आणि त्यांना शिकवण्याची आहे. बाप्तिस्मा त्या कामाचा एक भाग आहे, पण त्याने काम संपत नाही.

त्याचा पेरणाऱ्याचा दृष्टांत तर कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. यातले खडकाळीवरचे बी सर्वांत आधी उगवते, आणि मुळाला ओल नसल्याने सर्वांत आधी करपते. आठव्या दिवशी उगवण मोजून अहवाल पाठवणाऱ्याला त्या बियाचेच कौतुक वाटणार.

नगरकडचा धडा

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडते आहे असे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. पुढे १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे मोठे दुष्काळ पडले. त्या काळात उपाशी माणसांना मिशनने आसरा दिला आणि पुष्कळ घरे मंडळीत आली, त्यात बहुसंख्य अस्पृश्य समाजातली. आमचे पणजोबा त्यांतलेच. ‘दुष्काळातले ख्रिस्ती’ हा टोमणा आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

टोमणा मारणाऱ्याला मी एवढेच विचारतो की, उपाशी माणसाला ज्याने भाकरी दिली त्याच्याकडे तो गेला, यात उपाशी माणसाचा काय दोष? ज्यांच्या वाड्यात धान्याची पेवे होती त्यांनी दिली असती तर तो कशाला गेला असता? पण आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. भाकरीने घर मंडळीत येईल, पण भाकरीने ते टिकत नाही. आमचे घर टिकले ते मिशनच्या शाळेमुळे, आणि दर रविवारी पायी येणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या एका खेड्यातल्या मास्तरामुळे. जिथे असा मास्तर नव्हता तिथे पाऊस पडल्यावर मंडळी पांगली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे फार लवकर कळले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट अभंगात आणि कीर्तनात आणली, कारण परक्या चालीवर म्हटलेले गाणे खेड्यातल्या माणसाच्या ओठांवर बसत नाही. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि ते काम अर्धे राहिले. पण शिष्य आधी आणि नोंदवहीतले नाव नंतर हा विचार आजच्या प्रत्येक नव्या मंडळीने वाचावा असा आहे.

पंडिता रमाबाईंचे केडगावही तसेच. दुष्काळात आणि वैधव्यात सापडलेल्या बायका-मुली तिथे आल्या. रमाबाईंनी त्यांना नुसते प्रार्थनेला बसवले नाही. शेती, छापखाना, तेलाचा घाणा, विणकाम अशी कामे त्यांच्या हाती दिली. स्वतः मात्र आयुष्याची शेवटची वर्षे साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये निघाले.

आपल्या रायगडातही दोन बोलके दाखले आहेत. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० साली पोर्तुगीज सत्ता गेली. राजा नाही, फौज नाही, तरी माणसे श्रद्धा आणि आपली मिश्र बोली धरून शेतीवर राहिली. दुसरा दाखला बेने इस्रायलांचा. अलिबाग, रेवदंडा, पेणकडचे हे ‘शनवार तेली’. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यात शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ख्रिस्ती फारच थोडे झाले. उलट हिब्रू शिकून हे लोक आपल्याच धर्मात पक्के झाले. डोकी मोजणाऱ्याच्या तक्त्यात ही शाळा नापास. पण एका समाजाला अक्षर मिळाले, त्याला नापास कसे म्हणायचे?

भट्टीवर कोण जाणार?

आता पुन्हा आपल्या वाडीकडे. कातकऱ्याचे वर्ष दोन भागांत मोडलेले असते. पावसाळ्यात वाडीवर, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला. पावसाळ्यात अडचणीला उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायको विटा थापतात. पोरे तिथेच मातीत खेळतात आणि शाळेच्या पटावर नुसती नावे राहतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा, पण उचलीचा हिशेब अजूनही मुकादमाच्याच वहीत असतो. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, राहत्या घराखालची जागाही नावावर नाही.

मग नव्या मंडळीला माझा पहिला प्रश्न असा: मार्गशीर्षात वाडी रिकामी झाली की तुमची मंडळी कुठे असते? पाळक पडवीत एकटा बसतो, की भट्टीवर जातो? उचलीचा हिशेब वाचून दाखवायला कोणी बसतो का? जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत कोणी हेलपाटे घालतो का? पोर शाळेत राहावे म्हणून आजीपाशी ठेवायची सोय कोणी बघतो का? हे होत असेल तर ते शिष्यत्व. होत नसेल तर रविवारची गर्दी ही मेळाव्याची गर्दी.

काही ठिकाणी चांगले घडते आहे हेही लिहिले पाहिजे. एका वाडीवर एक बाई मला म्हणाली, “सायेब, लोक म्हनतात आमाला पैसे भेटले. पैसे नाय भेटले. पन घरात बाटली येत नाय, तो मारत नाय.” हातभट्टीने आपल्याकडे किती संसार बसवले हे ज्याला माहीत आहे त्याने या वाक्याला हसू नये. पण त्याच वाडीवरच्या एका म्हाताऱ्याचा प्रश्नही मला खराच वाटला. “आमच्या वाघदेवाला सैतान का म्हनायचा? त्यानं काय वाईट केला?” नव्या श्रद्धेसाठी बापजाद्यांचा अपमान करायची गरज नाही. ज्याला आपल्या आज्याची लाज वाटायला शिकवली, तो शिष्य होत नाही, नुसता तुटतो.

दुसरी सूचना पैशाची. जिथे औषध किंवा धान्य वाटायचे असेल तिथे सगळ्या वाडीला वाटा, प्रार्थनेला न येणाऱ्यालाही, आणि ते प्रार्थनेच्या वेळी वाटू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पावसात गड चढून गेलेल्यांनी ढिगाऱ्याखालच्या माणसाचा धर्म विचारला नव्हता. फादर हर्मन बाकर या येशूसंघीय धर्मगुरूंनी नगरकडे पाणलोटाचे काम उभे केले, १९९३ साली ‘वॉटर’ संस्था त्यातूनच निघाली. बांध घातल्यावर पाणी सगळ्यांच्याच विहिरीत उतरते. मंडळीची मदत अशी असावी. आणि ज्याच्या चुलीला जळण नाही त्याच्याकडून दशांश मागू नये.

गावासाठी दोन शब्द

गावकऱ्यांनाही सांगायचे आहे. राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क देते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, धर्म सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे सांगणाऱ्याला सांगू द्या, आणि ठरवणाऱ्याला त्याचे त्याला ठरवू द्या. जबरदस्ती, आमिष, फसवणूक कुठे झाली असेल तर तक्रार करायला पोलीस ठाणे आहे. पण प्रार्थनेला गेली म्हणून बाईची हंडी विहिरीवरून परत पाठवणे, मयताला जागा नाकारणे, रोजगार हमीच्या कामावरून नाव गाळणे, हा कोणता धर्म?

दाखला जाईल अशी भीतीही घातली जाते. अनुसूचित जातींबाबत १९५० च्या आदेशाने धर्माची अट आहे. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. नगरकडच्या आमच्यासारख्या घरांनी त्याची किंमत मोजली आहे. पण अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. कातकरी प्रार्थनेला गेला तरी तो कातकरीच राहतो. ही गोष्ट गावानेही समजून घ्यावी आणि मंडळीनेही लपवू नये.

शेवटी पाळकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा लिहाल, तो लिहा. पण त्याखाली आणखी तीन रकाने आखा: भट्टीवरून किती पोरे शाळेत परत आली, किती घरांची उचल फिटली, आणि मंडळीत न येणाऱ्या किती शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला तुमचा माणूस धावून गेला. हे रकाने भरायला वेळ लागेल, पहिली दोन-तीन वर्षे ते कोरेही राहतील. राहू द्यात. पण ते भरू लागले की वाडीवर कोणाला काही वेगळे सांगत बसावे लागणार नाही. पायलीभर बी मागायला शेजारी आपणहून येतो.