अटक करताना पोलिसांनी काय सांगायला हवे?

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला शेजारच्या चाळीतल्या एक मावशी माझ्या दाराशी आल्या. "भाऊ, पोरगा कामावरून येऊन जेवायला बसला होता. पोलीस ताटावरून उठवून घेऊन गेले." मी विचारले, "कशासाठी?" त्या म्हणाल्या, "ते त्यांना कसं विचारायचं?"

बंधू-भगिनींनो, खरे तर आपण विचारण्याचीही गरज नाही. न विचारता सांगणे हे पोलिसांचेच काम आहे. मी कारकून माणूस, वकील नव्हे. पण एवढा कायदा प्रत्येक घराला माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात सांगण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत.

पहिली वेळ अटकेची. वॉरंट नसताना अटक केली, तर कोणत्या गुन्ह्यासाठी व का, हे ताबडतोब सांगावे. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामिनावर सुटण्याचा हक्कही तेव्हाच सांगावा (कलम ४७). अटकेचा कागद करून त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही घ्यावी (कलम ३६).

दुसरी वेळ ठाण्यात पोचल्याबरोबर. घरच्यांना किंवा मित्राला खबर देण्याचा हक्क सांगावा, माणूस कुठे ठेवला ते कळवावे आणि कोणाला कळवले याची वहीत नोंद करावी (कलम ४८). चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते. मात्र पूर्ण वेळ वकील जवळ बसत नाही (कलम ३८).

तिसरी वेळ कोर्टापुढे नेण्यापूर्वी. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सांगितले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. लगेच देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण कोठडी मागण्यासाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडावा. नाही पडला, तर अटक बेकायदा ठरते. म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर गप्प राहू नका. कागद मिळाला नाही, मारहाण झाली, तर तिथेच सांगा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून हात टेकू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती, स्त्रिया आणि कोठडीतला माणूस यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

या हक्काचे मूळ संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत तो १५-अ या क्रमांकाने मांडला होता. पकडलेल्या माणसाला कारण कळावे, वकील मिळावा, एवढी ढाल त्यांनी गरिबाच्या हाती दिली.

त्या रात्री मी मावशींबरोबर ठाण्यावर गेलो. आवाज न चढवता तीनच प्रश्न विचारले : अटक केली आहे का? कशाबद्दल? नोंद कुठे आहे? "चौकशीला आणलंय," उत्तर आले. मी म्हणालो, "मग साहेब, नोटीस द्या, तो सकाळी हजर राहील." साडेबाराला पोरगा सुटला. दुसऱ्या दिवसाचा खाडा वाचला.

दर वेळी असे होईलच असे नाही. पण हे तीन प्रश्न घरातल्या बायाबापड्यांनाही पाठ असू द्या. पोलीस येतात तेव्हा घरात बहुधा त्याच असतात.

जयभीम.